किल्ली आणि महिन्याचा पास

आमच्या ह्यांना सगळे नाणेवाले काका म्हणायचे. बाजाराच्या तोंडाशी व्हिडिओ गेमचं दुकान होतं. नाणं टाकलं की मशीन सुरू, हरलात की पुन्हा नाणं. त्यावरच आमचा संसार चालला. पण एखादं पोर रडवेलं झालं की हे खिशातून किल्ली काढायचे, मशीनची मागची फळी उघडायचे आणि एक डाव फुकट लावून द्यायचे. आमची नात तर त्या किल्लीवरच वाढली.

आता दुकान गेलं, नात आईबापांबरोबर परदेशी गेली. फोनवर पोरगी धड बोलत नाही. आजोबा-नात भेटतात ते एका ऑनलाइन गेममध्ये, तिथल्या गावात हिंडत गप्पा मारतात. ह्यांना हेडफोन टोचतो, म्हणून त्या गप्पा घरभर ऐकू येतात.

मग कंपनीनं त्या गावाला फाटक बसवलं. आत जायचं तर दर महिन्याला पास काढा. हे बिथरलेच.

"गेम मी विकत घेतलाय. आता माझ्याच गेममध्ये शिरायला पैसे?"

"जन्मभर तुम्ही दुसरं काय केलंत?" मी म्हटलं.

"मी खेळण्याचे घ्यायचो. हे लोक न खेळताही घेणार."

घ्या. या माणसाशी बोलायचं म्हणजे डोक्याला ताप. रोज संध्याकाळी गेममधला आपला बाहुला फाटकाबाहेर उभा करून बसायचे. सुरुवातीला नात बाहेर यायची. पण बाहेर नुसतं माळरान; मैत्रिणी आत, खेळ आत. हळूहळू ती यायची बंद झाली. तरी हे बसलेलेच. चहा गार व्हायचा आणि मी बडबडून थकायची.

परवा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तुझं कार्ड कुठंय?" एवढंच, तेही जमिनीकडे बघत. चांगलं सुनावायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण तो उतरलेला चेहरा बघवेना. कार्ड काढलं, आकडेही मीच टाकले.

फाटक उघडलं. नात आतल्या पुलावरच होती.

"आजोबा? आत कसे आलात? पैसे भरलेत?"

"छे गं. किल्ली आहे ना माझ्याकडे."

ती खदखदून हसली. किती दिवसांनी ते हसणं घरात ऐकू आलं. "पुढच्या महिन्यात पण चालेल ती?"

"न चालायला काय झालं?" हे म्हणाले.

मी कार्ड कपाटात परत ठेवलंच नाही.