गेटवरच्या माणसांची कॅसेट

वाकडहून निघताना मी आईला ऑफिसला चालले असं सांगितलं. लॅपटॉपची बॅग खांद्यावर होती, त्यामुळे तिला शंका आली नाही. खरं तर मी पिंपळे गुरवला जात होते, एका बंद पडलेल्या केबल चॅनलच्या मालकाकडे. बाबा दिसतात ती जुनी कॅसेट मिळाली तर आईला सांगणारच होते. नाही मिळाली, तर तिने उगाच आशेवर राहू नये, एवढंच.

मी चालायलाही लागले नव्हते तेव्हा बाबांच्या कंपनीत आग लागली. मोबाईल तेव्हा साहेब लोकांकडेच असत. पिंपळे गुरवच्या आमच्या वस्तीतल्या बायका एका घरातल्या टीव्हीसमोर जमल्या होत्या, कारण केबलवर गेटमधून बाहेर पडणारे कामगार एकेक करून दाखवत होते. आईने बाबांना बघितलं. ते म्हणाले, "सुनंदा, जेवण करून ठेव, आलोच मी." आई धावत घरी गेली आणि स्टोव्ह पेटवला. बाबा आले नाहीत. ते परत आत गेले होते.

का गेले, हे कुणालाच सांगता आलं नाही. कंपनी म्हणाली, स्वतःच्या मर्जीने गेले. आई म्हणते, "कॅमेऱ्यापुढे थाप मारून गेला माणूस." त्यांच्या फोटोला हार मी घालते. ती घालत नाही.

वाकडचे टॉवर मागे पडले तसा रस्ता अरुंद झाला. पिंपळे गुरवला चॅनलच्या मालकांचं, अण्णांचं, दुकान शोधायला वेळ लागला नाही. आता ते इंटरनेटची कनेक्शन देतात. मी दारात उभी राहून वाक्य मनात जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं.

"बिल भरायचंय का, ताई?"

"नाही. मी सुभाषची मुलगी. फोन केला होता."

ते उठून उभे राहिले. मला मागच्या खोलीत घेऊन गेले. खोलीभर वायरची भेंडोळी होती. याच खोलीतून ते चॅनल चालायचं. त्याला भारदस्त नाव होतं, पण लोक 'लोकल' म्हणायचे.

"सकाळी भक्तिगीतं, दुपारी पिक्चर, संध्याकाळी बातम्या," अण्णा म्हणाले. "बातम्या म्हणजे पाणी कधी येणार, कुणाची म्हैस सुटली, कुठल्या पोराचा वाढदिवस. चौदा एप्रिलची मिरवणूक तर पुन्हा पुन्हा लावायचो. प्रत्येकाला आपण नाचताना बघायचं असायचं ना!"

"कुठपर्यंत दिसायचं?"

"जिथपर्यंत माझी वायर आणि लोकांच्या गच्च्या परवानगी देतील, तिथपर्यंत. मग मोठ्या कंपन्या आल्या, सेट टॉप बॉक्स आला. लोकलला कोण विचारतो?"

त्या दिवसाबद्दल मला विचारावं लागलं नाही. पोलिसांनी रस्ता अडवला होता. घरच्यांना पुढे सोडत नव्हते, अण्णांना मात्र कॅमेरा बघून सोडलं. बाहेर येईल त्याने नाव सांगायचं, खातं सांगायचं, घरी निरोप द्यायचा, असं त्यांनी ठरवून दिलं. कॅसेट भरली की त्यांचा मेहुणा ती स्कूटरवरून या खोलीत आणायचा आणि लावायचा.

"म्हणजे लाईव्ह नव्हतं?"

"आमचं लाईव्ह म्हणजे स्कूटर, ताई." ते हसले आणि लगेच थांबले. "तुझ्या आईने त्याला टीव्हीवर बघितलं ना, तेव्हा तो आत होता."

बाबा परत का गेले ते तुम्ही बघितलंत का, असं मी विचारलं.

"नाही गं. माझा डोळा भिंगाला. एक बोलला की पुढचा. कोण कुठे वळला, काय बोलला, काही कळलं नाही. आणि ती टेप म्हणशील तर पुढच्याच आठवड्यात तिच्यावर एक लग्न गेलं. मोजक्या टेपा होत्या, त्याच फिरवायचो. टेप महाग होती, आठवण फुकट."

मी बॅगेचा पट्टा धरला आणि निघाले. दारात पोचल्यावर त्यांनी हाक मारली.

"थांब. महादूची बायको. तिने भावाच्या लग्नाची कॅसेट बघायला माझा व्हीसीआर भाड्याने नेला होता तेव्हा. परत द्यायला आली तेव्हा म्हणाली होती, त्या लग्नावरच हे सगळं भरून घेतलं म्हणून. महादू तुझ्या बाबांच्याच खात्यात होता. आता चाकणच्या पुढे गावी शेती करतो."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. महादूकाका म्हणाले, कॅसेट हाय, पण लावायला यंत्र न्हाई. म्हणून मग अण्णांनी माळ्यावरचा व्हीसीआर काढला, पुसला आणि पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

"हा म्हातारा आहे. थापट मारल्याशिवाय उठत नाही. आणि कॅसेट ओलसर असली तर एकदाच चालेल, पुढच्या वेळी गुंडाळून टाकेल. पहिल्याच वेळी नीट बघ."

भोसरीला चाकणची बस मिळाली. व्हीसीआर मांडीवर घेऊन बसले, तर कंडक्टर म्हणाला, "ह्याचं अर्धं तिकीट लागंल बरं का." सगळे हसले. मी खरोखरच पर्स उघडली, तेव्हा आणखी हसले. शेजारच्या आजोबांनी पिशवीत वाकून बघितलं. "व्हीसीआर हाय का? आमच्या आळीत गणपतीत ह्याच्यावर रात्रभर पिक्चर चालायचं. आता कुणी इकत घेतंय व्हय?" मी नुसती मान हलवली. मोशीच्या पुढे कंटेनरची रांग लागली. बस हलली की यंत्राच्या आत काहीतरी खुळखुळायचं, आणि प्रत्येक खड्ड्याला मी ते पोटाशी धरत होते. चाकण चौकात बस इतका वेळ उभी राहिली, की लोक उतरून चालू लागले. मीही उतरले.

पुढे वडाप (भरेल तेव्हा निघणारी शेअर जीप) मिळाली. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या लांबच लांब पत्र्याच्या भिंती, मध्येच कांद्याचं एखादं वावर, पुन्हा भिंत. काकांचं गाव अशाच दोन भिंतींमध्ये अडकल्यासारखं होतं.

महादूकाका फाट्यावर न्यायला आले होते. उंच, खांद्यात वाकलेले. पिशवी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि घरापर्यंत एकच वाक्य बोलले.

"सुभाषचं नाक हाय तुला."

सिंधूकाकूंनी मासवड्या (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेल्या बेसनाच्या वड्या) केल्या होत्या, सोबत तिखट रस्सा आणि भाकरी. पहिल्या घासालाच मला ठसका लागला. काकू पाणी देताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

"टेप खराब झाली आसंल गं," त्या म्हणाल्या. "लई वर्सं झाली."

"लावून तर बघू," काका म्हणाले. "मी तरी कुठं बघितलीया? त्या दिशी मी गेटवर, आन् दुसऱ्या दिशी यंत्र परत गेलेलं."

काकूंच्या हातातला तांब्या ताटाला लागून वाजला.

जेवणं झाल्यावर वावरातली लाईट आली. कांद्याला पाणी द्यायचं म्हणून काका मोटर चालू करायला गेले. "मी येस्तवर लावू नका," म्हणाले. ते कुंपणापलीकडे गेले तशा काकूंनी माझं मनगट धरलं.

"आत्ताच बघ. ते यायच्या आत."

"पण काका म्हणाले..."

"त्यांना ठाव न्हाई. टेपमधी काय हाय ते मला येकटीलाच ठाव हाय. बघ, तुज्या आईला काय सांगायचं ते सांग, पन ह्यांच्यासमोर नको. पाया पडते तुज्या."

मला नाही म्हणता आलं नाही. हो तरी कुठे म्हटलं? मी वायरी टीव्हीला जोडू लागले. काकूंनी डब्यातून कॅसेट काढली, लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. यंत्र चालू होईना. मी हळूच थापट मारली, मग जोरात. चाकं फिरू लागली. मी मोबाईलचा कॅमेरा चालू करून टीव्हीसमोर धरला.

आधी काकूंच्या भावाच्या हळदीच्या बायका दिसल्या, फुगडी घालणाऱ्या. मग एकदम गेट. मागे काळा धूर. एकेक माणूस पुढे येत होता, नाव, खातं, निरोप. "आई, मी बरा हाय." "पोरांना सांगा, पप्पा येतोय." पडद्यावर मुंग्या चढत होत्या, उतरत होत्या.

आणि बाबा आले. माझ्यापेक्षा फार मोठे नसतील. "सुभाष. पेंट शॉप. सुनंदा, जेवण करून ठेव, आलोच मी."

इथे आमच्या वस्तीतल्या बायका आनंदाने ओरडल्या असणार, त्या गोंगाटात पुढचं कुणाला ऐकू आलं नसणार. इथे आई उठून धावली. ज्या घराला आपला माणूस दिसला, त्या घराने पुढचं बघितलं नाही.

पुढे बाबांनी मान वळवली. पुढचा माणूस समोर येत होता, तरी त्यांचा आवाज नीट ऐकू आला. "महादू आला का रे? कुणी बघितलं का महादूला?" कुणीतरी म्हणालं, "नाय राव, दिसला नाय." बाबांनी रुमाल नाकाला बांधला. समोरचा माणूस आपलं नाव सांगत होता आणि त्याच्या खांद्यामागून बाबांची पाठ गेटकडे चालली होती. मग ती दिसेनाशी झाली.

"माझा माणूस सगळ्यात शेवटी दिसला," काकू कुजबुजल्या. "म्हनून मी सगळी बघितली. येकटीनंच."

टेप चालूच होती. शेवटी धापा टाकत एक उंच तरुण आला. "महादू. पेंट शॉप. मागच्या गेटनं आलो."

"बंद कर," काकू म्हणाल्या. पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती. दारात काका उभे होते, हाताला ओली माती.

"मोटर उचलंना," ते म्हणाले. मग म्हणाले, "परत लाव."

अण्णांचे शब्द आठवले. "काका, एकदाच चालेल. गुंडाळली तर..."

"परत लाव, पोरी."

मी मागे घेतली. आत करकर वाजलं, पण चालली. काकांनी उभ्यानेच बघितलं. "कुणी बघितलं का महादूला?" हे ऐकून ते खाली बसले, जमिनीवरच. काकू त्यांच्याकडे गेल्या, पण हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही.

"तुला ठाव व्हतं," काका म्हणाले.

"व्हतं."

"येवढी वर्सं?"

"सांगितलं आसतं तर तुमी जित्तं ऱ्हायला आसता का? मला तुमी पायजे व्हते."

काका हाताची माती पुसत राहिले. मग माझ्याकडे वळले. "आईला सांग. आजच सांग. न्हाई तर मी येऊन सांगतो."

मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. तुमची चूक नाही, असं. पण ते वाक्य माझ्या बोलीत आणि त्यांच्या बोलीतही पोकळ वाटलं, म्हणून मी व्हीसीआर पिशवीत भरला. फाट्यापर्यंत काकाच सोडायला आले. वडाप भरेपर्यंत उन्हात उभे राहिले. काकू आल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये शिफ्ट सुटलेले कामगार होते, कानात हेडफोन, गळ्यात कार्ड. अर्धे जण घरी फोन करून "निघालो" म्हणत होते. अण्णांच्या 'लोकल' चॅनलने स्वतःजवळ काहीच ठेवलं नव्हतं. जे दाखवलं ते सगळ्यांसमोर, उघड्यावर दाखवलं. आईच्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी घराघरांतून ऐकू गेलं होतं, आणि ते ऐकलं फक्त अशा एका बाईने, जी ते सांगू शकत नव्हती.

घरी पोचले तेव्हा आई गॅलरीतले कपडे काढत होती. मी ऑफिसला नाही, महादूकाकांच्या गावी गेले होते, कॅसेट त्यांच्या घरी होती, एवढंच आधी सांगितलं. मग मोबाईल तिच्या हातात दिला.

"आलोच मी" ऐकून तिने तोंड फिरवलं. मी म्हटलं, "आई, पुढचं बघ." ती बघू लागली. शेवटपर्यंत बघितलं, महादूकाका येईपर्यंत. मग विचारलं, "हे त्याच्या बायकोला माहीत होतं?"

"हो. काकांना नव्हतं. आज कळलं."

"आणि ती गप्प बसली."

"हो."

आईने कपडे मांडीवर घेतले. एकेक घडी घालू लागली. मी तिच्या रागाची वाट बघत होते. इतक्या वर्षांचा राग होता, आता तो कुणावर तरी जाणार हे मला ठाऊक होतं.

"मीही बसले असते," ती म्हणाली.

सगळ्या घड्या झाल्यावर तिने विचारलं, "तिकडे जायला बस कुठून लागते?"