तेलाच्या पिशवीतली हवा

कुंभकोणमहून मी कोलूच्या बाहुल्या परगावी पाठवते. नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या या मातीच्या बाहुल्या. एकीचं नाक मोडलं तरी गिऱ्हाईक फोनवर माझी सालटी काढतं. भोवती घालायच्या प्लास्टिकच्या हवा भरलेल्या उशा इथल्या उन्हात, कुरिअरच्या गोदामात पडून चपट्या व्हायच्या. त्यावर सगळ्या पॅकिंगवाल्यांचा इलाज एकच, प्लास्टिक आणखी जाड घ्यायचं. मग त्या चपट्या तर व्हायच्याच, वर महाग पडायच्या.

एकदा स्वयंपाकघरात तेलाची रिकामी पिशवी धुतली आणि उगीच फुगवून तोंड बांधून ठेवली. पुढचा सण आला तरी ती टणक. त्या पातळ प्लास्टिकच्या पोटात नायलॉनचा एक थर असतो, तो हवा सुटू देत नाही. तसल्याच प्लास्टिकच्या उशा करवून घेतल्या आणि पेटंटसाठी अर्ज केला.

आक्षेप आला. उशी जुनी, प्लास्टिक जुनं, दोन्ही एकत्र आणणं धंद्यातल्या कुणालाही सहज सुचेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं सहज होतं, तर सगळे इतकी वर्षं जाडीच्याच मागे का धावत होते?

सुनावणी घरूनच, व्हिडिओवर झाली. धंद्यातला जुना माणूस म्हणून वकिलाच्या सांगण्यावरून मी अप्पांना, माझ्या वडिलांना, शेजारी बसवलं होतं. बाहुल्यांचं दुकान त्यांनीच उभं केलेलं. अधिकाऱ्याने तमिळमध्ये विचारलं, "तुमच्या धंद्यात आधी कुणी असं केलं होतं?" त्यांनी फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

पण आमच्या घरात पोरांचं कुणी कौतुक केलं की आईबापांनी मान खाली घालून ते कमी करून सांगायचं, ही रीत. अप्पांनी हात जोडले. "त्यात काय एवढं, साहेब? कुणीही केलं असतं."

पडद्यावर वकिलाने डोळे मिटून घेतले.

"अप्पा, येकदां तरी माझें कौतुक करायचें होतें!" मी आमच्या घरच्या जुन्या मराठीत ओरडले.

"परक्यांपुढें आपल्या लेंकीचें कौतुक करूं नये. दृष्ट लागते," ते शांतपणे म्हणाले.

अर्ज फेटाळला गेला. केवळ त्यांच्यामुळे, असं मी म्हणत नाही. पण त्यांचं ते वाक्य निकालात होतं, आणि ते वाचताना मला अप्पांचा मनापासून राग आला. तो अजून गेलेला नाही.

परवा एका व्यापाऱ्याकडून समया आल्या. खोक्यात माझ्याच उशा, तेच प्लास्टिक, वर त्याचं नाव छापलेलं. माझी उशी अप्पांनी कधी हातात घेतली नव्हती. ही मात्र दाबून दाबून पाहिली.

"काय डोकें चालविलेंय पाहा ह्या मनुष्यानें!" ते भारावून म्हणाले.

मी समई बाहेर काढली, पुसून जागेवर ठेवली.

"त्यांत काय आहे, अप्पा? कोण्हीही केलें असतें."