नको म्हणायचा सराव

वजन कमी केलं की वर्षभरात परत वाढतं, म्हणून मी नगरला एका समुपदेशक बाईंकडे जायचे. त्या म्हणायच्या, खाण्याआधी थांबा, मनात कोणता विचार आला ते पाहा, आणि भूक नसेल तर स्पष्ट 'नको' म्हणा. आरशासमोर त्यांनी माझ्याकडून त्याचा सरावही करून घेतला.

मग बेलापूरला मावशीकडे जेवायला गेले. तिसरी पुरणपोळी आली तेव्हा मी थांबले, विचार पाहिला आणि शिकवल्यासारखं ठाम म्हणाले, "नको."

मावशी हसली. "लाजू नगं गं, आपलंच घर हाय," म्हणत तिनं पोळी वाढली आणि वर तुपाची धार सोडली. आता बाईंना काय डोंबल सांगायचं? आमच्याकडे पहिलं 'नको' रीतीचं असतं, दुसरं लाजेचं, आणि तिसरं ऐकायला कुणी थांबतच नाही. ताटावर हात आडवा धरला तर बोटांवर वाढतात. चिडून उठावं, तर मावशी ते आईला जन्मभर ऐकवणार.

उतरलेलं सगळं वजन परत आलं. बाईंकडे जाणं मी बंद केलं.

परवा दुपारी घरात एकटीच होते. भूक अजिबात नव्हती. डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. मी थांबले, विचार पाहिला आणि मोठ्यानं 'नको' म्हणाले. मग झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. आग्रह करायला घरात कुणीच नव्हतं.

तो मीच केला.