गांधीलमाशीचा ठराव

माझे सासरे श्रीहरी, त्यांना मी मामाजी म्हणते, ते आमच्या गावच्या कबड्डी मंडळाचे अठरा वर्षं अध्यक्ष होते. यात फार मोठेपणा आहे असं समजू नका. आमच्या गावात माणूस एकदा अध्यक्ष झाला की अध्यक्षच राहतो, कारण त्याला उठवायचं कसं हे कोणाला ठाऊक नसतं. नदीपलीकडचा गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, नकाशे बदलले, साहेब बदलले. आमच्या मंडळाचा अध्यक्ष काही बदलला नाही.

तरुणपणी मामाजी खेळायचे ते हुतुतू. तेव्हा कबड्डीला आमच्याकडे हुतुतूच म्हणत. पार मूल शहरापर्यंत त्यांचं नाव होतं. चढाईला गेले की हात लावून परत यायचेच, असं सासूबाई आजही सांगतात. त्यांनी एकही सामना पाहिलेला नाही ही गोष्ट वेगळी. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला, आणि जुने अध्यक्ष वारले त्या वर्षी सगळ्यांनी मामाजींना धरून खुर्चीत बसवलं. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्यानंतर सभा भरायची, कोणीतरी मामाजींकडे बघून म्हणायचं, "भाऊच राहतीन," की टाळ्या, की चहा. संपली निवडणूक.

एकदा तर सुटका करून घ्यायची म्हणून मामाजी सभेच्या दिवशी अहेरीला बहिणीकडे जाऊन बसले होते. गावाने त्यांच्या माघारी त्यांना निवडलं आणि एसटीच्या कंडक्टरबरोबर अहेरीला निरोप धाडला. बहिणीने कौतुकाने पेढे वाटले म्हणे. मामाजी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पेढे खाल्लेल्या माणसासारखा नव्हता.

माणूस गोड, पण भिडस्त. घरात भाजी कोणती करायची विचारलं तर म्हणणार, "तुमाले जे वाटन ते." आणि अशा माणसाच्या तोंडाकडे अख्खं मंडळ बघत बसायचं. पोरांच्या गंज्या, म्हणजे खेळायचे बनियन, कोणत्या रंगाच्या घ्यायच्या, भाऊ सांगतीन. मैदानावर भुसा किती टाकायचा, भाऊ सांगतीन. मंडळाचं टिनाचं शेड आमच्या घराला लागून होतं. त्याच्या आढ्याला गांधीलमाश्यांनी भलं मोठं पोळं केलं होतं. दोन वर्षं ते तसंच होतं, कारण भाऊंनी काही सांगितलं नव्हतं. मी चहा घेऊन जायची तेव्हा त्या पोळ्याकडे बघून माझं डोकं तापायचं. इतकी मोठी मोठी माणसं, एक पोळं काढायला यांना परवानगी लागते.

चौऱ्याऐंशी सालच्या सभेत त्या पोळ्याने डाव साधला.

त्या सभेपुढे एक मागणी आली होती, आणि ती होती माझ्या वडिलांची. माझे वडील गुणवंतराव यांची गावाच्या वेशीवर धानाची गिरणी होती. उसना, म्हणजे उकडा तांदूळ काढायचा तर धान उकडून उन्हात वाळवावं लागतं, त्याला जागा पाहिजे. बाबांना दिवाळीपासून होळीपर्यंत मंडळाचं मैदान हवं होतं. बदल्यात ते पोरांना नव्या गंज्या देणार होते. मागण्यात काही पाप नव्हतं. पण दिवाळीपासून होळी हाच तर खेळाचा हंगाम. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि सामने, रात्री नाटक. मैदान गेलं म्हणजे आमच्या मंडईतली कबड्डीच गेली.

सचिव बापूराव यांनी मागणी वाचली आणि कोणाकोणाचा होकार म्हणून विचारलं. मी दारात चहाचं ताट घेऊन उभी होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. त्याच घडीला मामाजींच्या कानाशी गांधीलमाशी आली; ती दारातून मला दिसली नाही, नंतर कळली. त्यांनी हात वर केला. मामाजींचा हात वर गेला, तसा बापूरावांचा गेला, आणि मग शेवटच्या रांगेपर्यंत सगळे हात वर. कोणी इकडेतिकडे बघितलं नाही. बापूरावांनी सर्वानुमते मंजूर म्हणून टाकलं. मामाजी काही बोलणार, तोवर माशी मानेला चावली आणि ते कळवळून खाली बसले. मग चुना आणा, पाणी आणा, यातच सभा उठली. मला तेव्हा वाटलं, मामाजींनी व्याह्याचं मन राखलं. आणि खरं सांगते, मला ते आवडलं नाही.

दिवाळी झाली आणि बाबांच्या गाड्या आल्या. मैदानावर धान पसरलं. पोरं रस्त्यावरच्या मुरमात सराव करू लागली आणि गुडघे सोलून घरी जाऊ लागली.

मामाजींचं जेवण तुटलं. ताटावर बसायचे, भाताचा घास चिवडायचे, उठायचे. मान कधीच बरी झाली होती, तरी हात सारखा तिथेच. एक दिवस लहानू आला. लहानू बौद्ध वस्तीतला, हाडाचा गवंडी, पूर्वी आमच्या संघाचा कप्तान आणि आता मंडळाच्या कमिटीत. दारात उभा राहिला. तक्रार नाही, काही नाही. एवढंच विचारलं, "भाऊ, पोरं तुमच्या मागच्या वाडीत खेळली तं चालन काय? तिथी माती नरम आहे." मामाजी हो म्हणाले आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. सुनेने सासऱ्याला जाब विचारू नये हे मला शिकवलेलं आहे. पण शिकवलेलं सगळंच माझ्या अंगी लागलं नाही. मी म्हटलं, "मामाजी, माह्या बाबाले मैदान द्याचं तुमच्या मनात होतं काय?"

ते उठून बसले. खाली बघत त्यांनी माशीची गोष्ट सांगितली.

मी आधी हसले. पदर तोंडात धरून, खाली बसून हसले. मग त्यांचे डोळे पाहिले आणि हसू गेलं. त्यांनी सभेच्या दुसऱ्याच दिवशी बापूरावांना गाठून विचारलं होतं, की बाबा रे, तुला तरी हे पटलं होतं का? बापूराव म्हणाले होते, "तुमच्या व्याह्याचं काम, भाऊ. आमी नाई कसे म्हणू?" ते वाक्य माशीपेक्षा जास्त चावलं होतं. अख्ख्या गावाला वाटत होतं की श्रीहरीने व्याह्याची सोय पाहिली. आणि तसं वाटूनही सगळ्यांनी हात वर केले होते.

"मंग सांगा ना सभेत, चूक झाली म्हून," मी म्हटलं.

"सांगतो. मंग काय होईन? मी नाई म्हणन, सारेच नाई म्हणतीन. तेही हात माह्याच हातामागून जातीन. अठरा वर्षं झाली बाई, मले एकाही माणसाच्या मनातलं ठाऊक नाई."

मला माझ्या सासऱ्यांची एवढी दया कधी आली नव्हती. माझ्या पुढ्यात सूप होतं. धान निवडत होते, त्यात लाखोरीचे दाणे मिसळले होते. लाखोरी म्हणजे आमच्याकडे धानाच्या बांधीतच पेरतात ती डाळ. मामाजींनी सुपातून मूठभर उचललं, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हात दिसते बाई. मूठ नाई दिसत."

पुढच्या रविवारी त्यांनी सभा बोलावली. माझ्याकडून एक मडकं, वाटीभर धान आणि वाटीभर लाखोरी घेऊन गेले. मी पाण्याच्या निमित्ताने दाराशी होतेच. मामाजी खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले. म्हणाले, गुणवंतराव माझे व्याही आहेत, म्हणून मैदानाच्या गोष्टीत मी बसणार नाही, आणि पहिल्याच दिवशी मी बाहेर जायला हवं होतं. प्रत्येकाने दोन्ही दाणे घ्यावे आणि मूठ मडक्यात घालून एकच सोडावा. मैदान पोरांना परत पाहिजे असेल तर धान, गिरणीला राहू द्यायचं असेल तर लाखोरी. मग मडकं बापूरावांपुढे ठेवून म्हणाले, "त्या दिवशी मी हात वर केला तो माशी हाकलाले. तुमी काऊन केला?"

मागे कोणीतरी हसू दाबलं, तेही लगेच विझलं. मामाजी बाहेर आले आणि आमच्या ओट्यावर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. त्यांना भीती वाटत होती, आणि मलाही. कशाची? लाखोरी निघाली तर मैदान गेलं. आणि मडक्यातही लोकांनी भाऊंच्या मनातलं ओळखून दाणा टाकला असला, तर सगळंच गेलं.

बापूराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर धान होतं आणि एकच लाखोरीचा दाणा. मामाजींनी धानाकडे पाहिलंही नाही. तो एक दाणा त्यांनी चिमटीत धरला, उन्हात फिरवून पाहिला. कोणाचा असेल म्हणून विचारलं नाही. "आहे रे बाबा एक तरी," एवढंच म्हणाले, आणि हातातलं पाणी घटाघटा प्यायले. मला रडू आलं. मैदान सुटलं याचं आलं की त्या माणसाच्या छातीवरचा धोंडा उतरला याचं, ते मला आजही सांगता येणार नाही.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मडकं त्यांनी पुन्हा आत पाठवलं. आता प्रश्न त्यांचाच होता. श्रीहरी अध्यक्ष राहावा वाटत असेल तर धान, नको असेल तर लाखोरी. या वेळी आतून बराच वेळ कोणी येईना. सासूबाई कपाळावर आठ्या घालून म्हणाल्या, एवढं काय मोजून राह्यले, सारं धानच असन. शेवटी बापूराव आले, चेहरा पडलेला, मूठ मिटलेली. मूठ उघडायला तयारच होईनात. मामाजींनीच उघडली. लाखोरीच लाखोरी, आणि अधूनमधून धानाचे दाणे.

क्षणभर मामाजींचा चेहरा उतरला. का उतरणार नाही? अठरा वर्षं होती ती. सासूबाई तर गावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागल्या. पण मामाजी आत गेले, अंगातली बंडी काढून खुंटीला लावली आणि भर दुपारी आडवे झाले. चुलीपर्यंत घोरणं ऐकू येत होतं. इतकी गाढ झोप मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. उठल्यावर भात मागून घेतला, दोनदा.

संध्याकाळी बाबा आले. मला वाटलं, आता व्याह्याव्याह्यांत वाजणार. बाबा ओट्यावर बसले आणि मामाजींना म्हणाले, "एकानं आधी नाई म्हटलं असतं, तं मी मूलच्या रस्त्यावर जागा पाह्यली असती. मले वाटलं, साऱ्या गावाची खुशी आहे." मग दोघेही हसले. बाबांनी दोन दिवसांत धान उचललं, वर मैदानावर टाकायला गाडीभर भुसाही दिला. गंज्या दिल्या नाहीत. गिरणीवाल्याकडून तेवढी अपेक्षा करू नये.

नवा अध्यक्ष लहानू झाला, तोही मडक्यातूनच. त्याने पहिलं काम काय केलं असेल? कोणाला न विचारता ओल्या गवताचा धूर करून ते गांधीलमाश्यांचं पोळं काढलं. दुसरं, ज्याचं काम सभेपुढे असेल त्याने किंवा त्याच्या सोयऱ्याने बाहेर ओट्यावर बसायचं, असा नियम केला. आमच्या ओट्यावर त्यानंतर कोणी ना कोणी बसलेलंच असायचं. चहा माझ्याच डोक्यावर. तिसरं, तीन वर्षांवर कोणी अध्यक्ष राहायचं नाही. त्या वर्षीची मंडई आमच्याच मैदानावर झाली आणि आमची पोरं पहिल्याच फेरीत हरली. तरी सगळं गाव खुशीत होतं.

पुढच्या वर्षीच्या सभेत मामाजी साध्या सभासदांत, मागच्या रांगेत बसले. सोप्या गोष्टींना हातच वर करायचे, कठीण गोष्टींना मडकं, असं आता ठरलं होतं. मामाजींनी सुचवलं की यंदा अहेरीचा संघ बोलवावा. बहिणीचं गाव, त्यांच्या मनात फार होतं. लहानूने कोणाची हरकत आहे का विचारलं, आणि हरकती निघाल्या. लांब आहे, दोन दिवस मोडतात, एवढ्या पोरांना झोपवायचं कुठे. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मनातून रागावत होते, की म्हाताऱ्या माणसाचं एवढं तरी ठेवावं. मग चूल आठवली म्हणून घरी आले.

थोड्या वेळाने मामाजी आले. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं अहेरी जिंकली.

"हरलो, बाई," ते म्हणाले. "पुऱ्या सभेत एकच हात वर होता. माहा."

"माशी होती काय?" मी विचारलं.

"नाई. या खेपेले हात माहाच होता."

आणि ओट्यावर पाय लांब करून बसत त्यांनी मला चहा टाकायला सांगितला, या वेळी साखर जरा जास्त घाल म्हणाले.