पाडा मिस्त्री आणि चौथा टेकू

कोणाच्याही घरात शिरला की तो आधी माणसांकडे बघायचा नाही, छताकडे बघायचा. चहा पुढे आला तरी मान वरच. मग घरधन्याला विचारायचा, "हे कोन्या गाढवानं बांधलं?" आणि उत्तर येण्याआधीच सांगून टाकायचा, "पाडा." म्हणून अख्ख्या भैंसा गावात त्याचं नाव पडलं पाडा मिस्त्री. त्याचं खरं नाव मला त्याच्या दहाव्याला कळलं, आणि तिथेही ते दुसऱ्याच कोणाचं असावं असं वाटलं.

मला तो माणूस आवडत नव्हता. मेल्यावर माणूस चांगला होतो म्हणतात. हा माझ्यापुरता तरी झाला नाही. तोंड फाटकं, डोळ्यांत कायमचा तिरस्कार, आणि आपण सोडून जगात कोणाला वीट धरता येत नाही अशी खात्री.

आमच्या घरामागे वडिलांनी उभारलेलं शेड होतं. विटामातीच्या भिंती, छप्पर पेलणाऱ्या सागवानी तिकोनी कैच्या, वर टिनाचे पत्रे. त्यात मी जिपा दुरुस्त करायचो. नव्वदीच्या सुरुवातीला निजामाबादेत एक वर्कशॉप बंद पडलं, तिथून मी एक जुनी लिफ्ट उचलून आणली. दोन लोखंडी खांब, त्यांना चार हात. पंपाचा दांडा हापसला की तेलाच्या जोरावर जीप वर. पंधरा वर्षं पाठीवर निजून डोळ्यांत माती आणि ग्रीस घेतलेला मी, आता उभ्याने काम करणार होतो. त्या लिफ्टीसाठी मी अक्षरशः वेडा झालो होतो. अडचण एकच होती. टपावर कॅरिअर असलेली जीप डोक्यावर उचलली की ती कैचीच्या आडव्या दांड्याला धडकणार. मला तो दांडा कापून हवा होता, बाकी काही नको.

मिस्त्री आला, वर बघितलं आणि नेहमीचा प्रश्न टाकला.

"माझ्या वडिलांनी बांधलंय," मी मुद्दाम सांगितलं. वाटलं, ओशाळेल.

"मेल्या मानसाले काई म्हनू नये," तो म्हणाला. "पन पाडा."

"पाडायचं नाही मिस्त्री. फक्त आडवा दांडा कापा."

"आडवा दांडा म्हंजे छपराचा करदोटा. तो कापला का दोनी भिती पाय फाकवतीन अन् सारं टिन तुह्या उरावर. काऊन मराची घाई करून राह्यला?"

मीही काही कमी नव्हतो. म्हटलं, "तुमाले जमत नसन तं दुसरा पाहतो."

"पाय. त्याले सांग, येतानी तिरडीचे बांबू घेऊन ये."

दुसरा आणला. त्याने वर बघितलं आणि हळूच विचारलं, "पाडा मिस्त्री काय म्हनला?" मी खरं सांगितलं, तर चहा न घेताच गेला. तिसराही तसाच गेला. पाडा मिस्त्रीने नाकारलेल्या छपराला हात लावायची गावात कोणाची छाती नव्हती. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसा मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याने मला बसही म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी कामाला आला.

काम छताचं, पण या माणसाने आधी जमीन खणायला घेतली. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. मी ओरडलो, "वरचं काम सांगितलं अन् तुमी खाली काऊन खनून राह्यले?"

"छत भितीवर नसते रे, मुरमावर असते," तो म्हणाला आणि मुरूम लागेपर्यंत खणत राहिला. लिफ्टीच्या खांबांखालीही तसाच खड्डा घेऊन काँक्रीट भरलं. शेडच्या मध्यात चार सागवानी खांब मुरमावर उभे केले, छपराचा भार त्यांच्यावर घेतला, आणि कापसाच्या जिनिंगच्या शेडला मधोमध गरम हवा जायला उंच टोपी असते, तशी टोपी माझ्या छपराला चढवली. मग कुठे त्याने आडवा दांडा कापला. तोही स्वतःच्या हाताने, मला अंगणात हाकलून. छप्पर तसूभरही हललं नाही. तारीफ करायला मी तोंड उघडलं, तर म्हणाला, "मधात मधात येऊ नोको."

खरं भांडण पुढेच झालं. कापसाचा हंगाम तोंडावर होता, खेड्यापाड्यांतल्या जिपा माझ्या दारात रांगेने उभ्या, आणि मिस्त्री म्हणाला, काँक्रीट मुरेस्तोवर एकवीस दिवस लिफ्टीला हात लावायचा नाही. मी ऐकणार नाही हे ओळखून जाताना तो पंपाचा दांडाच घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याने तो आपल्या दाराला अडसर म्हणून लावलेला. मी गल्लीत उभा राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो ओट्यावर बसून भाकर खात होता. माझं संपल्यावर त्याने विचारलं, "झालं? आज काँक्रीटवर पानी टाकलं का?"

टाकलं नव्हतं. घरी येऊन दात खात टाकलं.

बाविसाव्या दिवशी तो दांडा घेऊन आला, आणि सोबत सागवानाचे चार जाडजूड टेकू. जीप वर गेली की चारी बाजूंनी हे टेकू लावायचे, मगच खाली जायचं. "तेल हाय ते," लिफ्टीकडे बोट करून तो म्हणाला. "तेलावर भरोसा ठेवू नोको." त्यानंतर तो कधीही टपकायचा, आधी टोपीकडे बघायचा, मग टेकू मोजायचा, आणि एक जरी कमी दिसला तरी गिऱ्हाइकांसमोर माझी अक्कल काढायचा. शेवटी एक दिवस मी त्याला सांगितलं, यापुढे माझ्या शेडात पाय ठेवायचा नाही. त्याने तो खरंच ठेवला नाही. चार-पाच वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

तो येईना, तसा आधी माझा चौथा टेकू सुटला आणि मग तिसरा. कोण एवढं ओझं वाहतो! एका दुपारी बेला गावाहून आलेल्या जिपेखाली मी गिअरबॉक्स खोलत होतो. लिफ्टीचं सील फाटून वरून तेलाची पिचकारी आली आणि लिफ्ट खाली बसली. जिपेचं मागचं टोक माझ्यापासून हातभरावर जमिनीला आपटलं. पुढचं टोक दोन टेकूंनी माझ्या डोक्यावर धरून ठेवलं. सदऱ्याची बाही तेवढी फाटली.

मी तसाच त्याच्या घरी गेलो. तो बाजेवर होता, दम्याने पार वाळलेला. म्हटलं, "मिस्त्री, तुमच्या टेकूनं वाचलो."

त्या दिवशी त्याने छताकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. फाटक्या बाहीकडे.

"किती लावले होते?"

"चार," मी म्हणालो.

"दोन," तो म्हणाला. "चार असते तं जीप हलली नसती. अन् तू इथं आला नसता."

मी पाया पडायला वाकलो, तर त्याने पाय चादरीत ओढून घेतले. "जाय. छपराखाली राह्याची तुही लायकी नाई." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. पंधरा दिवसांत गेला. मला त्याच्याशी गोड बोलायचं होतं, ते राहूनच गेलं. आणि त्याने मला बोलू दिलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

शेड आहे, टोपी आहे, लिफ्टीला नवं सील आहे. जीप वर गेली की मी चारी टेकू लावतो. चौथा सरकवताना दर वेळी त्याला एक कचकचीत शिवी हासडतो. ती दिल्याशिवाय जिपेखाली जायची माझी हिंमत होत नाही.