फोनोच्या समोरचे घर

तक्रार करायला जाताना कोटाची सगळी बटणे लावून, टोपी घालून जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या आळीतले कंपाउंडर. रात्रीचे अकरा वाजलेले असोत की एक, समोरच्या ठेकेदाराच्या दारात ते उघड्या डोक्याने कधी उभे राहिले नाहीत.

मी लग्न होऊन अलिबागेत आले तेव्हा आळी शांत होती. दुसऱ्या वर्षी समोरच्या माडीत जंगलतोडीचा एक ठेकेदार भाड्याने राहायला आला. शनिवारच्या आगबोटीने रेवसला उतरून मुंबईचे त्याचे दोस्त यायचे. मग ग्यासबत्त्या, बाटल्या, पत्ते, आणि खिडकीत ठेवलेला फोनो. त्याचा कर्णा बरोबर कंपाउंडरांच्या घराकडे तोंड करून असे. पुढे पुढे शनिवारचेही बंधन उरले नाही.

कंपाउंडरांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, दमा होता. पहाटे तीनला धाप लागली की त्या उजाडेपर्यंत उशीला टेकून बसून राहायच्या. झोप मिळायची ती रात्री दहा ते दोन, आणि फोनो वाजायचा तोही नेमका तेवढाच वेळ. कंपाउंडर दिवसभर दवाखान्यात औषधाच्या बाटल्या भरत, आलेल्या प्रत्येकाला डोस तीन तीनदा समजावत. रात्री घरी येऊन पुन्हा कोट चढवत.

एकदा ते तासभर परतलेच नाहीत. मामंजी काठी घेऊन निघणार, तेवढ्यात आले. ठेकेदाराने त्यांना खुर्ची दिली होती, सरबत पाजले होते आणि नवी तबकडी पुरी ऐकवली होती.

"मग बंद करतो म्हणाला का?" मामंजींनी विचारले.

"अजून तीनच राहिल्यात म्हणाले," कंपाउंडर म्हणाले आणि पायरीवर मटकन बसले.

मामंजी स्वतः भांडून आले, तर त्या रात्री फोनो कोंबडा आरवेपर्यंत वाजला. कंपाउंडरांनी त्यांना बोल लावला नाही. "माणूस वाईट नाही हो," ते नेहमीचेच म्हणाले. "त्याला इकडचं ऐकू जात नाही, एवढंच."

मग आम्ही आमच्या मागच्या खोलीत वहिनींची सोय केली. शनिवारी संध्याकाळी कंपाउंडर खांद्यावर गादी टाकून पुढे आणि वहिनी भिंतीला धरत मागे, अशी ती दोघे यायची. "सूनबाई, आज पुन्हा तुम्हांला त्रास," वहिनी म्हणत. चार-पाच शनिवार असे गेले. एके दिवशी कंपाउंडर गादी गुंडाळू लागले, तर त्या तिच्यावरून उठेचनात. "मी नाही जायची. माझ्या घरात मला निजता येऊ नये? मी कोणाचं काय केलंय?" भांडण कधी न केलेली ती बाई रडत होती.

त्या रात्री कंपाउंडर माडीवर गेले, पण फोनो बंद करा म्हणाले नाहीत. "पाच मिनिटं माझ्या घरी चला," एवढेच म्हणाले. ठेकेदार हसतच खाली उतरला. मी वहिनींची पाठ चोळत बसले होते. कंपाउंडरांनी त्याला स्टुलावर बसवले आणि स्वतः दाराशी उभे राहिले. समोर फोनो चालूच होता. वहिनींच्या छातीतली घरघर त्या गाण्यातूनही ऐकू येत होती. त्यांनी पदर सावरला आणि धाप टाकत विचारले, "चहा... ठेवू का?"

ठेकेदार उठला. माडीवर गेला, आणि फोनो थांबला.

तीन आठवडे थांबला. मग खिडक्या लावून वाजू लागला, आणि उन्हाळा आला तशा खिडक्याही उघडल्या. कंपाउंडर पुन्हा जाऊ लागले. आता जिना चढताना ते मध्येच थांबत.

वहिनी पावसाळ्यात गेल्या. आडवार होता, माडीवर कोणी नव्हते. तेराव्यानंतरच्या शनिवारी दोस्त आले, फोनो सुरू झाला. आळीतले आम्ही सगळे कंपाउंडरांच्या दाराकडे पाहत राहिलो. दार उघडेना. अर्ध्या तासाने ठेकेदारच खाली आला. कंपाउंडर ओटीवर अंधारात बसले होते.

"आज आला नाहीत?" त्याने विचारले.

"कशाला?" कंपाउंडर शांतपणे म्हणाले. "वाजवा तुम्ही. आता या घरात झोपायचं कोणाला आहे?"

ठेकेदार वर गेला आणि त्याने सगळ्यांना गप्प केले. त्यानंतर त्या माडीत फोनो वाजलेला मी ऐकला नाही.

दिवाळीच्या आधी कंपाउंडरांची बदली तळा गावच्या दवाखान्यात झाली. एक ट्रंक आणि एक वळकटी टांग्यात ठेवून ते निरोप घ्यायला आले. मी विचारले, "तिकडे तरी शांत आहे ना?"

"फार शांत आहे म्हणतात," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता टांग्यात चढले.