मिशन दवाखान्यातल्या चुली

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते आमच्या डॉक्टरसाहेबांचे. सातासमुद्रापलीकडून आलेले, नागपूरच्या मिशन दवाखान्यातले सर्जन. तुमच्यापैकी कोणी त्यांना पाहिले असेल तर आठवेल: ऑपरेशनच्या आधी हात धुऊन, ते दोन्ही हात वर धरून, डोळे मिटून मिनिटभर उभे राहत. मग टेबलावरच्या माणसाला विचारत, "काहून गा, भेला काय? मी बी भेलो. चाल, दोघं मिळून करू."

मिशनने त्यांना मराठी शिकवायला पुण्याकडचे पंडितजी ठेवले होते. साहेब मात्र मराठी शिकले वॉर्डातल्या विणकरांकडून आणि बंडीवाल्यांकडून. त्यांनी "मले" म्हटले की पंडितजी कपाळावर हात मारत.

मी उमरेडचा. आमच्या घरात सही करणारा मीच पहिला. दवाखान्यात लेखनिक असताना दुपारी कॉलेजात जायची मुभा साहेबांनी दिली, म्हणून मी बी.ए. झालो.

दवाखान्याच्या अंगणात ओळीने चुली होत्या. रोग्याची आई किंवा बायको तेथे आपल्या हाताने रांधी, कारण दवाखान्यातले अन्न खाल्ले तर जात बाटते, अशी लोकांची समजूत. साहेबांना ती पटत नव्हती, पण त्यांनी चुलींना कधी हात लावला नाही.

एके वर्षी विलायतेहून तपासणीला मोठे साहेब आले. त्यांनी हुकूम केला: चुली बंद, सर्वांनी दवाखान्याचेच खायचे. पाटी लिहायचे काम माझ्याकडे आले. नोकरीच्या भीतीने मी ती लिहिली आणि टांगलीही.

सकाळी एक खाट रिकामी. उमरेडचा एक तरुण विणकर, मुतखड्याने तळमळणारा, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हायचे. त्याच्या आईने पाटी वाचून घेतली आणि त्याला बैलबंडीत घातले.

डॉक्टरसाहेबांनी सायकल काढली. मी दुसऱ्या सायकलवर मागे. नाक्यापुढे बंडी गाठली.

"माय, कोठी चालली वं?"

"घरी! पोराले बाटवू काय मी? मेला तं जातीत तं मरन!"

"मरू नाही देत मी त्याले. चूल तुही, इस्तव तुहा, भाकर तुही. सुरी तेवढी माही."

म्हातारीने बंडी थांबवली. "शिवशीन नाही ना चुलीले?"

"नाही शिवत, माय."

बंडी वळली. साहेबांनी सरपण आणून चुलीपासून चार हात लांब ठेवले आणि पाटी स्वतः उतरवली. अक्षर माझे, हे त्यांनी ओळखलेच. "अक्षर लय सुंदर हाय गा तुह्यं," एवढेच म्हणाले. मला मान वर करवेना.

मोठे साहेब इंग्रजीत ओरडत आले. डॉक्टरसाहेबांनी उत्तर मुद्दाम मराठीत दिले, वॉर्डाला समजावे म्हणून. "ज्याच्या नावानं हा दवाखाना हाय, त्यानं कोन्या मायच्या चुलीत पानी नाही वतलं. मी बी नाही वतत." मग तेच इंग्रजीत सांगितले.

विणकराचा खडा निघाला. तो आपल्या पायांनी घरी गेला. डॉक्टरसाहेबांना मात्र मिशनने विलायतेला परत बोलावून घेतले. स्टेशनवर आम्ही उभे होतो. गाडी हलली तरी त्यांची टोपी खिडकीबाहेर हलत होती.

पुढे मी त्यांना पत्र पाठवले. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे:

"तीर्थस्वरूप डॉक्टरसाहेबांचे सेवेसी, शिरसाष्टांग नमस्कार.

आपण गेल्यावर महिन्याच्या आत तीच पाटी पुन्हा लिहिण्याचा हुकूम मला झाला. या वेळी मी लेखणी उचलली नाही. मोठे साहेब अजून येथेच आहेत; ते म्हणाले, दुसरा लेखनिक मिळेल. मी म्हणालो, अवश्य पाहा. पण चुली विझवणारा माणूसही पाहून ठेवा, कारण वॉर्डातल्या सगळ्या बाया चुलींपुढे ठाण मांडून आहेत. त्या बसल्याचा आज तिसरा दिवस. माझी नोकरी काल गेली. मी त्यांच्यातच बसून हे लिहीत आहे. आम्ही उठणार नाही."